हलणं आणि हलवणं

2008 ची दिवाळी संपून दहा-बारा दिवस झाले होते. शेतात वेचणी जोरात होती. पहाटे आई उठायला गेली आणि पलंगाच्या कडेवरच कलंडली. उजवा हात, उजवा पाय तिच्या ऐकण्यात राहिले नव्हते. गाडीत घालून यवतमाळला आणताना ती डाव्या हाताने उजवा हात उचलून पाहत होती आणि जड जिभेने म्हणत होती, ‘‘हा हात माहा नाई वाटत.’’

दहा दिवसांनी घरी सोडताना आम्हाला सांगण्यात आलं : जीव वाचला आहे, रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका, आता आराम करू द्या. हा सल्ला आम्ही मनापासून पाळला. सकाळ-संध्याकाळ कोमट तिळाच्या तेलानं मालिश सुरू झालं. मालिश करणारे बाबा अनुभवी होते. ते आईचा दंड खांद्यातून फिरवत, कोपर वाकवत, एकेक बोट उघडत आणि मिटवत. बायको घास भरवायची, मी पाणी पाजायचो. आईनं डाव्या हातानं ग्लास घ्यायचा प्रयत्न केला तरी शेजारच्या वहिनी धावायच्या, ‘‘तुम्ही पडा काकू, आम्ही आहोत ना.’’ एका नातेवाइकानं कबुतराच्या रक्ताचा उपाय सुचवला, तो आम्ही केला नाही. तेवढंच आमचं आधुनिकपण.

असे चार महिने गेले. त्या चार महिन्यांत आईचा उजवा हात काही हजार वेळा हलवला गेला. तो स्वतः एकदाही हलला नाही.

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन एका सहकारी संस्थेत हिशेब लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. फावल्या वेळात वऱ्हाडातल्या आखाड्यांची आणि व्यायामशाळांची माहिती गोळा करायचा नाद लागला. त्या नादातूनच, आईच्या आजारानंतर, मी एका वेगळ्या प्रश्नाकडे वळलो : लकवा झालेल्या माणसानं पडून राहावं की हातपाय चालवावेत, हे माणसाला कधी आणि कसं कळलं? शाळेत आपण प्रयोजक क्रियापदं शिकतो. हलणं-हलवणं, बसणं-बसवणं, चालणं-चालवणं. या प्रश्नाचा सगळा इतिहास मला त्या दोन रूपांमधल्या फरकाचा इतिहास वाटतो.

आरामाचा सल्ला आकाशातून पडलेला नव्हता. आयुर्वेदात पक्षाघात वातव्याधींमध्ये येतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा स्वतंत्र अध्याय आहे आणि पक्षाघातासाठी तिथे स्नेहन, स्वेदन आणि विरेचन सांगितलं आहे. तेल, शेक आणि पोट साफ करणं, असं सोप्या भाषेत म्हणता येईल. व्यायामाचं कौतुक आयुर्वेदात भरपूर आहे, पण तो अर्ध्या शक्तीनं करावा आणि काहींनी मुळीच करू नये, असंही आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ही यादी दिली आहे : वातपित्ताचा रोगी, लहान मूल, म्हातारा आणि अजीर्ण झालेला. आता आपला लकव्याचा रुग्ण पाहा. तो वाताचा रोगी आणि बहुधा म्हाताराही. दोन्ही बाजूंनी त्याला व्यायाम बंद. मालिश करणाऱ्या बाबांनी वाग्भट वाचला असण्याची शक्यता नाही, पण त्यांच्या बोटांमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या उतरलेला होता.

युरोपला हसायचं कारण नाही, कौतुक करायचंही नाही. झटका मेंदूत येतो, हाता-पायात नाही, हे तिथे 1658 मध्ये योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्यानं शवविच्छेदनातून दाखवलं. अचानक कोसळून मेलेल्यांच्या मेंदूत त्याला रक्तस्राव सापडला. पण दुखणं मेंदूत आहे हे कळल्यानं उपचार बदलले नाहीत. लंडनचे शल्यवैद्य जॉन हिल्टन यांचं विश्रांतीची थोरवी सांगणारं पुस्तक 1863 मध्ये आलं आणि पुढे कित्येक दशकं डॉक्टरांच्या हाती राहिलं. अंथरुणावर पडून राहण्याचे धोके रिचर्ड अॅशर यांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ठणकावून मांडले ते 1947 साली. म्हणजे आमच्या घरात 2008 मध्ये जे चाललं होतं, ते लंडनमध्येही फार जुनं झालेलं नव्हतं.

या इतिहासातली माझी आवडती हकिगत स्वित्झर्लंडमधल्या हायडेन नावाच्या छोट्या गावातली आहे. तिथे हाइनरिश फ्रेंकेल नावाचे डॉक्टर होते. 1889 च्या सुमारास त्यांच्याकडे पाठीच्या कण्याच्या आजाराचा एक रुग्ण आला. त्या आजारात ताकद शाबूत असते, पण हातपाय कुठे आहेत याचं भानच जातं. डोळे मिटून बोट नाकाला लावायला सांगितलं की बोट भलतीकडे जातं. हा रुग्ण त्या परीक्षेत साफ नापास झाला. काही काळानं तो पुन्हा आला, तेव्हा मात्र त्याला ते बऱ्यापैकी जमलं. आजार तर बरा होण्यातला नव्हता. फ्रेंकेल यांनी विचारलं तेव्हा कळलं की पुढच्या वेळी पास व्हायचं म्हणून हा माणूस घरी सराव करत होता! त्या एका उत्तरावर फ्रेंकेल यांनी व्यायामांची अख्खी पद्धत उभी केली. जमिनीवर आखलेल्या खुणांवर पाऊल ठेवणं, मोजून वळणं, मोजून बसणं. आजही ते व्यायाम त्यांच्या नावानं शिकवले जातात. रुग्णाला कुणी हलवत नव्हतं. तो स्वतः, चुकत चुकत, हलत होता.

आखाड्यांच्या माझ्या नादाचा इथे संबंध येतो. आजच्या फिजिओथेरपीचं एक मूळ दवाखान्यात नाही, व्यायामशाळेत आहे. पेर हेन्रिक लिंग यांनी 1813 मध्ये स्टॉकहोमला व्यायामाची संस्था काढली, तिच्यात सैनिकी व्यायामाच्या जोडीला आजाऱ्यांसाठीचा व्यायामही होता. तिथले पदवीधर युरोपभर गेले. आपल्याकडेही व्यायामशाळा कमी नव्हत्या. अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं बी लावलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. बडोद्याचे प्रो. माणिकराव मल्लविद्येइतकेच हाडवैद्यकासाठी प्रसिद्ध होते. मुरगळलेला पाय, निखळलेला खांदा, चढलेली नस, यांसाठी लोक आखाड्यात वस्तादाकडेच जात. मात्र जुन्या माणसांच्या ज्या आठवणी मी यवतमाळ-अमरावतीकडे टिपल्या, त्यांत लकव्याचा माणूस आखाड्याच्या दारात आल्याची एकही हकिगत मिळाली नाही. आखाडा तरण्यांचा. लकवा झालेला माणूस घरातला, पलंगावरचा.

दोघांची गाठ पडायला हवी होती असं मला वाटतं, आणि का वाटतं ते पुढे येईल.

मेंदू स्वतःची दुरुस्ती करू शकतो का, याबद्दल विज्ञानाचं मत बराच काळ निराशेचं होतं. मज्जापेशींची रचना उलगडून 1906 चं नोबेल मिळवणारे स्पेनचे सांतियागो रामोन ई काहाल यांनी म्हणून ठेवलं की प्रौढ मेंदूतल्या वाटा ठरून गेलेल्या असतात. हा कठोर निकाल बदलता आला तर भविष्यातल्या विज्ञानानं बदलावा. त्याच काळात अमेरिकेत शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ आणि रॉबर्ट ऑग्डेन हे दोघं माकडांवर प्रयोग करत होते. मेंदूला इजा करून त्यांनी माकडांची एक बाजू लुळी केली. नुसतं सोडून दिलेल्या माकडाचा हात लुळाच राहिला. ज्यांचा चांगला हात बांधून लुळा हात वापरायला भाग पाडलं, त्यांचा हात काही आठवड्यांत कामाला लागला. हे 1917 मध्ये छापून आलं आणि जवळजवळ विसरलं गेलं.

आपल्याकडे फिजिओथेरपी आली ती लकव्यासाठी नाही, पोलिओसाठी. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. मुलीला घेऊन त्या मद्रासच्या डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या, तिथले उपचार पाहिले आणि 1947 मध्ये मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केलं. पाठोपाठ, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं आणि 1955 मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. एका आईच्या हट्टाचा त्या सुरुवातीत मोठा वाटा आहे, हे आपल्या वैद्यकीय इतिहासात अभावानंच सांगितलं जातं. यवतमाळला वैद्यकीय महाविद्यालय आलं ते 1989 मध्ये.

दुसरी हकिगत एका मुलाच्या हट्टाची आहे. पेद्रो बाख-ई-रिता हे न्यूयॉर्कला शिकवणारे स्पॅनिश कवी आणि प्राध्यापक. 1959 च्या सुमारास, पासष्टी ओलांडल्यावर, त्यांना जबर झटका आला. नेहमीच्या उपचारांनी फरक पडेना. त्यांचा वैद्यकीचा विद्यार्थी असलेला मुलगा जॉर्ज त्यांना मेक्सिकोला घेऊन गेला. चालणं कसं शिकवतात हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं वडिलांना बाळासारखं आधी रांगायला लावलं. भिंतीला खांदा टेकवून रांगायचं. मग जमिनीवरच्या गोट्या लुळ्या हातानं पकडायच्या. मग भांडी घासायची. म्हाताऱ्या प्राध्यापकाला गुरासारखं रांगवतो म्हणून शेजारी नावं ठेवत. महिनोन्‌महिने हे चाललं. पेद्रो पुन्हा शिकवू लागले आणि 1965 मध्ये कोलंबियातल्या डोंगरात फिरताना हृदयविकारानं गेले. शवविच्छेदनात दिसलं की मेंदूच्या बुंध्यातली इजा तशीच होती, प्रचंड होती आणि बुजलेली नव्हती. जी वाट तुटली ती तुटलीच होती, उरलेल्या थोड्याशा तंतूंनी आणि दुसऱ्या भागांनी ते काम अंगावर घेतलं होतं. दुसरा मुलगा पॉल मेंदूचा संशोधक होता. मेंदू काम नव्यानं वाटून घेतो, या मांडणीत पुढे आयुष्यभर त्याचा हात राहिला.

हे वाचताना मला सारखे आमच्या घरातले ते चार महिने आठवत. आमच्या शेजाऱ्यांनी आम्हाला नावं ठेवली नव्हती. उलट, सेवा करावी तर अशी, असंच सगळे म्हणत.

त्या सेवेचं नेमकं काय झालं, ते एडवर्ड टॉब यांच्या कामातून कळलं. माकडांच्या एका हाताची संवेदना नेणाऱ्या नसा कापून त्यांनी पाहिलं. हात हलवणाऱ्या नसा शाबूत असूनही माकड तो हात वापरत नसे. सुरुवातीला हात उचलायचा प्रयत्न फसतो, दुसऱ्या हातानं काम भागतं, आणि थोड्याच दिवसांत माकड हात न वापरणं शिकतं. चांगला हात बांधला की तोच ‘मेलेला’ हात घासासाठी पुढे येतो. या प्रयोगशाळेवर 1981 मध्ये पोलिसांचा छापा पडला, प्राण्यांच्या हालांवरून अमेरिकेत मोठं वादळ उठलं, आणि माकडांची तिथली अवस्था वाचली की ते वादळ उगाच उठलं असं म्हणवत नाही. तरी न वापरणंही शिकलं जातं, ही त्यांची गोष्ट खरी ठरली. पुढे अमेरिकेतच 222 रुग्णांवर चाचणी झाली आणि 2006 मध्ये तिचे निष्कर्ष आले. झटक्यानंतर तीन ते नऊ महिने झालेले, हातात थोडीतरी हालचाल उरलेले रुग्ण. दोन आठवडे चांगल्या हाताला जागेपणी जवळजवळ सतत हातमोजा, आणि लुळ्या हाताला रोज तासन्‌तास काम. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्या हातात झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकलेली होती.

आम्ही आईचा प्रत्येक फसलेला प्रयत्न प्रेमानं वाचवला. तिला न वापरणं शिकवायला आमच्यापेक्षा चांगले शिक्षक मिळाले नसते.

मेंदूत आत काय घडतं, याचं सगळ्यात स्वच्छ चित्र रँडॉल्फ न्यूडो आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवलं. खारमाकडांच्या मेंदूतल्या, हाताचा कारभार पाहणाऱ्या भागात त्यांनी छोटा झटका घडवला. ज्या माकडांना काहीच सराव दिला नाही, त्यांच्यात झटक्यातून वाचलेला शेजारचा हाताचा भागही आक्रसत गेला. म्हणजे नुकसान झटक्यापाशी थांबलं नाही, रिकामपणानं ते वाढवलं. ज्यांना रोज लहानलहान खळग्यांतून बोटांनी खाऊ काढायला लावला, त्यांच्यात तो भाग टिकला. काहींमध्ये तर तो कोपर-खांद्याच्या हद्दीत पसरला. वहितीत नसलेल्या शेताचा बांध शेजारी कसा कोरत नेतो, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

याला रसायनाचीही साथ असते. मज्जापेशींना जगवणारं, त्यांच्या नव्या जोडण्यांना मदत करणारं एक प्रथिन 1982 मध्ये डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं गेलं. त्याचं लघुनाम बीडीएनएफ. कार्ल कॉटमन यांच्या गटानं 1995 मध्ये दाखवलं की चाकावर आपखुशीनं धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत ते प्रथिन तयार करण्याची लगबग वाढते. धावले पाय आणि बदल दिसला डोक्यात. मेलेल्या पेशी मात्र व्यायामानं जिवंत होत नाहीत. तसं सांगणारा माणूस काहीतरी विकायला आलेला असतो.

आता आखाड्याची गोष्ट. आखाड्यात सगळं मोजून होतं. शंभर जोर, दोनशे बैठका, आणि चुकलास तर पुन्हा एकपासून. जुने पहिलवान भेटले की खुराकाआधी आकडे सांगतात. अमेरिकेत 2009 मध्ये कॅथरिन लँग आणि सहकाऱ्यांनी फिजिओथेरपीच्या सत्रांत बसून मोजदाद केली. हाताच्या सरावाच्या एका सत्रात लकव्याचा रुग्ण कामाची हालचाल सरासरी 32 वेळा करत होता. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांकडून रोज शेकड्यांनी हालचाली करून घेतात, तेव्हा मेंदूत फरक दिसतो. बत्तीस! कुठलाही वस्ताद हा आकडा ऐकून हसला असता. संख्येची ही परंपरा आपल्या आखाड्यांपाशी होती, रुग्ण घरोघरी पलंगावर होते, आणि मधला रस्ता कुणी बांधला नाही. (राजस्थानात नागौर जिल्ह्यातल्या बुटाटी धामला आपल्याकडूनही लकव्याचे रुग्ण नेतात. तिथे सात दिवस राहून परिक्रमा करायच्या असतात. श्रद्धेचं ज्याचं त्यानं ठरवावं. पण घरी पाऊल न टाकणारा माणूस तिथे धरून का होईना चालतो, हे मला महत्त्वाचं वाटतं.)

इथे माझ्यासारख्या हौशी माणसाचा तोल जाण्याचा संभव आहे, म्हणून दोन चाचण्या सांगायलाच हव्यात. पाच देशांत 2104 रुग्णांवर झालेल्या चाचणीत झटक्यानंतर 24 तासांच्या आत रुग्णांना वारंवार उठवून उभं करण्यात आलं. 2015 मध्ये हाती आलेला निष्कर्ष उलटा होता : तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेल्यांचं प्रमाण या गटात 46 टक्के, नेहमीच्या पद्धतीत 50 टक्के. घाई आणि अतिरेक नडला. म्हणजे पहिल्या दिवसाच्या विश्रांतीत तथ्य आहे, चौथ्या महिन्यातल्या विश्रांतीत नाही. सुरुवात कधी आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवावं. दुसरी चाचणी आपल्याच देशातली. लुधियानाच्या डॉ. जयराज पांडियन यांच्या पुढाकारानं 14 रुग्णालयांत घरच्या माणसांना व्यायाम शिकवून पाहिलं. रुग्ण 1250. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व : शिकवलेल्या कुटुंबांत 47 टक्के, न शिकवलेल्यांतही 47 टक्के. 2017 मध्ये हे वाचलं तेव्हा मी खचलो होतो. घरच्यांना थोडं शिकवून सोडून दिलं की काम झालं, ही आशा त्या आकड्यांनी मोडली. माझा अंदाज असा की घरी होणाऱ्या सरावाची संख्या फार कमी पडत असावी आणि हलवणं पुन्हा हलण्याची जागा घेत असावं. अंदाजच आहे तो.

आणि घराशिवाय आहे तरी काय? आमच्यापासून चंद्रपूर ओलांडलं की गडचिरोली. तिथे अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी 86 गावांमधले दोन वर्षांतले मृत्यू घरोघरी जाऊन तपासले. 1599 मृत्यूंपैकी 229 लकव्यानं, म्हणजे 14.3 टक्के, मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण. त्यातले बहुतेक घरीच गेले. लकवा हा शहरी, सुखवस्तू आजार आहे ही समजूत तिथे संपली. आमच्या उमरखेडकडच्या गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी यायला शंभरेक किलोमीटर पडतात. लकव्याचा माणूस आठवड्यातून तीनदा तो प्रवास कसा करणार?

आमच्याकडे मार्च 2009 मध्ये एक तरुण फिजिओथेरपिस्ट मुलगी आली, आठवड्यातून एकदा. पहिल्या दिवशी तिनं मालिश थांबवायला सांगितलं नाही. फक्त आईला विचारलं, ‘‘आजी, तुम्ही या हातानं आधी काय करत होत्या?’’ आई म्हणाली, ‘‘कापूस वेचत होती.’’ शेतात अजून फरदड उभी होती. मी पऱ्हाटीच्या चार फांद्या बोंडांसकट तोडून आणल्या. सुकलेल्या बोंडाची टोकं बोचतात, कापूस ओढायला अंगठा आणि दोन बोटं जुळावी लागतात. पहिल्या दिवशी बोटं जुळलीच नाहीत. मी सवयीनं हात पुढे केला तर आई ओरडली, ‘‘काहून हात लावतं? मले करू दे.’’

मी हिशेबनीस माणूस, म्हणून वही घातली. शंभर पानी, शाळेची. 19 मार्च : बोंडं 0, प्रयत्न 20. 2 एप्रिल : 1. पुढच्या पानावर 3, मग 3, मग ताप आला म्हणून काही नाही, मग 7. जूनमध्ये पेरणीच्या घाईत आठ दिवस कोरे आहेत, तो दोष माझा. फरदड संपल्यावर तिनं सरकी वाटीतून वाटीत टाकली, शेंगा फोडल्या. काठी घेऊन ती अंगणापर्यंत चालू लागली. हात खांद्याच्या वर कधी गेला नाही आणि वेणी तिला शेवटपर्यंत घालता आली नाही. ते पहिले चार महिने वापरले असते तर गेला असता का, हे वहीत लिहिलेलं नाही.

आई 2016 मध्ये गेली. वहीतलं शेवटचं पान त्याआधीच्या हिवाळ्यातलं आहे. त्या वर्षीच्या सीतादहीला तिनं शेतात यायचा हट्ट धरला, बैलबंडीतून आली आणि बांधावर खुर्चीत बसून हाताशी येईल तेवढी वेचणी केली. त्या दिवसासमोर माझ्या अक्षरात आकडा आहे : 41. खाली डाव्या हातानं, वाकड्या अक्षरात, तिनं तो खोडून 43 केला आहे.